नाशिकची कायदेपंडिता : कुमारी कॉर्नेलिया सोराबजी

शालान्त परीक्षा जवळ आली म्हणजे आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना, आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांच्या आईवडिलांना, एकच विचार पडतो : पुढे काय? कोणी वैद्यकाकडे वळावे, कोणी अभियांत्रिकीकडे जावे, कोणी सरकारी नोकरीच्या परीक्षांस बसावे, याची चर्चा घरोघर चालू होते. या चर्चेत बहुधा असे गृहीत धरलेले असते की, सर्व व्यवसाय बाजारातील मालाप्रमाणे आधीच मांडून ठेवलेले आहेत व त्यांतून एक उचलून घेणे एवढेच आपले काम. ज्या विदुषीचे चरित्र येथे सांगण्याचे योजिले आहे, तिला जो व्यवसाय हवा होता तो मात्र तिच्या काळी स्त्रियांकरिता अस्तित्वातच नव्हता. परीक्षा तिने दिल्या, त्यांत ती उत्तीर्णही झाली. तथापि त्या परीक्षांचे फळ हाती पडण्यास तीस वर्षे लागली. या तीस वर्षांत तिने काय केले, हाच या चरित्राचा खरा विषय आहे.

आपल्या शहराहून येवल्याच्या वाटेने गेले असता जे नाशिक लागते, तेथे 15 नोव्हेंबर 1866 रोजी कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म झाला. त्यांचे वडील रेव्हरंड सोराबजी खरशेदजी हे जन्माने पारशी. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आप्तेष्टांचा रोष सोसला व पुढे चर्च मिशनरी सोसायटीच्या कार्यात आयुष्य वेचिले. आई फ्रान्सिना यांना लहानपणी लेडी कॉर्नेलिया फोर्ड या इंग्रज बाईंनी आपल्या घरी घेऊन वाढविले होते. त्यांचेच नाव या मुलीस ठेवण्यात आले. कॉर्नेलियेचे बालपण प्रथम बेळगावास व नंतर पुण्यास गेले. पुण्यात फ्रान्सिनाबाईंनी निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र बसून शिकतील अशी शाळा चालविली. त्या काळी हे सोपे नव्हते. घरात मुलींची संख्या मोठी होती, आणि मुलगे व मुली यांच्या शिक्षणात रेव्हरंड सोराबजींनी भेद म्हणून केला नाही. मुंबई विद्यापीठाने स्त्रियांस पदवीपरीक्षा खुल्या कराव्यात म्हणून ज्यांनी खटपट केली, त्यांत त्यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. मुलीस शिकवावे असे म्हणणारे वडील तेव्हाही काही होते. मुलीकरिता विद्यापीठाचे नियम बदलावेत म्हणून झगडणारे वडील मात्र फारच थोडे.

कायद्याकडे त्यांचे मन कसे वळले, याची हकीकत त्यांनी आपल्या आठवणींत नमूद केली आहे. त्या लहान असताना काठेवाडातील एक श्रीमंत विधवा फ्रान्सिनाबाईंकडे आपले गाऱ्हाणे घेऊन आली. तिची मालमत्ता सांभाळण्यास ठेवलेल्या कारभाऱ्याने कागदपत्रांची लबाडी करून ती सर्व स्वतःच्या घशात घातली होती. ती बाई पडद्यात वाढलेली. परपुरुषासमोर बसून आपली बाजू मांडणे तिच्या रीतीत बसत नव्हते, आणि वकील तर सर्व पुरुषच. म्हणजे कायदा होता, न्यायालये होती, परंतु त्या बाईस त्यांच्यापर्यंत नेणारा कोणी नव्हता. अशा स्त्रियांचे काम करावयाचे असेल तर कायदा शिकला पाहिजे, ही गोष्ट आईने मुलीच्या मनावर त्याच वेळी बिंबविली. पुढे शिक्षणाच्या अनेक टप्प्यांवर कॉर्नेलियाबाईंना, स्त्रियांस शोभेल असा दुसरा मार्ग धरण्याचा सल्ला मिळाला. तेव्हा शिक्षिकेचा किंवा डॉक्टरचा व्यवसाय एवढेच मार्ग सुशिक्षित स्त्रीस मोकळे होऊ लागले होते. पण त्यांच्या डोळ्यांपुढून ती काठेवाडी विधवा हलली नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या दाखल झाल्या तेव्हा त्या महाविद्यालयातील त्या पहिल्याच विद्यार्थिनी होत. वर्गात शिरू लागल्या की तोंडावर दार लावून घेणारे सहाध्यायीही तेथे होते. पदवीपरीक्षेत त्या आपल्या सर्व सहाध्यायांच्या वर आल्या व मुंबई विद्यापीठाची पदवी मिळविणारी पहिली स्त्री हा मान त्यांना लाभला. अशा यशाबरोबर इंग्लंडात जाऊन शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळावयाची असे. ती त्यांस नाकारण्यात आली. कारण एवढेच की, परीक्षेत वर आलेला उमेदवार स्त्री निघाला! आमच्या शाळेत वार्षिक समारंभात बक्षिसासाठी नाव पुकारले जावे, मुलगी मंचावर चढून जावी आणि तेथे तिला सांगण्यात यावे की हे बक्षीस मुलांसाठीच आहे; या प्रसंगाची कल्पना वाचकांनी करून पाहावी.

कॉर्नेलियाबाईंनी रडत बसण्याऐवजी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजीच्या अध्यापनाची जागा पत्करली. ते महाविद्यालय पुरुषांचे, आणि शिकविणारी बावीस वर्षांच्या आतबाहेरची तरुणी. याच सुमारास, 1888 साली, त्यांनी इंग्लंडातील नॅशनल इंडियन असोसिएशनकडे साहाय्याची विनंती केली. मेरी हॉबहाउस व अ‍ॅडिलेड मॅनिंग या बाईंनी ती विनंती उचलून धरली. मदत देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल व सर विल्यम वेडरबर्न यांची नावे आढळतात. सरकारने जे दिले नाही ते वर्गणीने उभे राहिले, आणि 1889 साली त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या.

तेथेही कायद्याचा अभ्यास हा स्त्रियांचा विषय मानला जात नव्हता. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट यांनी मात्र त्यांच्यावर वडिलांप्रमाणे लोभ केला व त्यांचा मार्ग सुकर केला. ऑल सोल्स कॉलेजच्या कायद्याच्या ग्रंथालयात बसून वाचण्याची परवानगी त्यांना मिळाली. ती मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. कायद्याची उच्च परीक्षा त्यांनी पुरुष परीक्षार्थींच्या बरोबरीने द्यावी की नाही यावर वाद झाला, तेव्हा विद्यापीठास त्यांच्याकरिता खास ठराव करावा लागला. 1892 साली ती परीक्षा देऊन त्या उत्तीर्ण झाल्या. अशा रीतीने ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देणारी त्या पहिली स्त्री ठरल्या. त्यांना वर्ग मिळाला तो तिसरा. ही गोष्ट अनेक चरित्रकार घाईने ओलांडून जातात. मी ती मुद्दाम येथे लिहीत आहे, कारण आमच्या मुलांना गुणपत्रिकेखेरीज दुसरे जगच दिसेनासे झाले आहे. पहिल्या वर्गाचे कितीएक विद्यार्थी त्या साली ऑक्सफर्डमधून बाहेर पडले असतील. त्यांची नावे आज कोणाच्या मुखी आहेत?

उत्तीर्ण झाल्या खऱ्या, पण पदवी मिळाली नाही. त्या काळी ऑक्सफर्ड विद्यापीठ स्त्रियांस परीक्षेला बसू देई, पदवी देत नसे. लंडनमध्ये सॉलिसिटरांच्या कचेरीत काही काळ काम शिकून 1893 साली त्या स्वदेशी परतल्या. येथे येऊन पाहतात तो ऑक्सफर्डची परीक्षा पुरेशी धरली जात नव्हती. बरे, त्यांनी 1897 साली मुंबई विद्यापीठाची एल्‌एल्‌. बी. परीक्षा दिली. 1899 साली अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. दोन्ही उत्तीर्ण. तरीही सनद नाही. कारण स्त्री वकील होऊ शकते असे कायद्यात कोठे म्हटलेले नव्हते.

एवढे मात्र झाले की, काठेवाड व इंदूर यांकडील संस्थानी दरबारांत बाजू मांडण्याची परवानगी त्यांना मिळाली. तेथील न्यायदानाची तऱ्हा काही औरच. एका हत्तीच्या चराईच्या हक्काचा खटला त्यांच्याकडे आला. न्यायासनावर स्वतः राजेसाहेब, तेही झोपाळ्यावर बसलेले. राजेसाहेबांच्या लाडक्या कुत्र्याला या बाई आवडल्या, तेव्हा निकालही त्यांच्याच बाजूने लागला! हत्तीचे कल्याण झाले. परंतु ज्या कायद्यासाठी आपण समुद्रापार गेलो त्याचा येथे काय उपयोग, असे त्यांच्या मनात आल्यावाचून राहिले नसेल.

आता ज्या कामामुळे त्यांचे नाव राहिले त्याकडे वळू. कोणी जमीनदार वारला व मागे विधवा आणि अज्ञान मुले राहिली, म्हणजे त्या इस्टेटीचा कारभार पाहण्यासाठी सरकारी खाते असे. त्यास कोर्ट ऑफ वॉर्ड्स म्हणत. हेतू चांगला, पण खात्याचे अधिकारी पुरुष आणि ज्यांचे हित पाहावयाचे त्या स्त्रिया पडद्याआड. अधिकाऱ्याने पडद्याबाहेरून प्रश्न विचारावा, उत्तर द्यावे ते मधल्या नातेवाइकाने वा कारभाऱ्याने. आणि पुष्कळदा तोच त्या स्त्रीस लुबाडणारा असावयाचा. कागदावर अंगठा कोणाचा उमटला हे बाहेर बसलेल्यास कळण्याचा मार्गच नव्हता. कॉर्नेलियाबाईंनी 1902 पासून सरकारदरबारी लकडा लावला की, पडद्याच्या आत जाऊ शकेल अशी कायदा जाणणारी स्त्री या कामी नेमा. 1904 साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये अशी जागा निर्माण झाली आणि तिच्यावर त्यांचीच नेमणूक झाली. जागा आधी नव्हती. ती त्यांनी मागून, पटवून व अखेर स्वतः भरून निर्माण केली.

बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम एवढा मुलूख त्यांनी या नोकरीत पालथा घातला. कधी आगगाडी, कधी होडी, कधी पालखी, तर कधी हत्ती. अंतःपुरात जमिनीवर बसून त्या विधवांची हकीकत त्यांच्याच तोंडून ऐकत, कागद वाचून दाखवीत, सासूसुनांचे व भाऊबंदांचे वाद कोर्टाची पायरी न चढता मिटवीत, पोटगी ठरवून देत, अज्ञान मुलामुलींच्या शिक्षणाची तजवीज लावीत. सुमारे वीस वर्षांच्या सेवेत सहाशेंहून अधिक स्त्रिया व अनाथ मुले यांची कामे त्यांच्या हातून मार्गी लागली असे सांगतात. 1909 साली सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. ध्यानात घ्यावयाचे ते हे की, ही सर्व वर्षे त्या कायद्याने वकील नव्हत्याच.

दारे उघडली ती पुढे. 1916 साली कलकत्ता हायकोर्टाने रेजिना गुहा या विदुषीचा वकिलीसाठीचा अर्ज स्त्री म्हणून फेटाळला होता. परंतु 1919 साली इंग्लंडात स्त्रियांवरील असे निर्बंध दूर करणारा कायदा झाला, 1921 साली अलाहाबाद हायकोर्टाने कॉर्नेलियाबाईंना वकील म्हणून दाखल करून घेतले, आणि 1923 साली हिंदुस्थानातही स्त्रियांस वकिलीचा हक्क देणारा कायदा संमत झाला. 1892 साली मिळविलेली ऑक्सफर्डची पदवी त्यांनी 1922 साली प्रत्यक्ष स्वीकारली. तेव्हा त्यांचे वय पंचावन्न होते. पुढे बॅरिस्टर होऊन त्या कलकत्त्यास व्यवसाय करू लागल्या खऱ्या. पण उमेद ओसरली होती व न्यायालयांतील पुरुषांची मने कायद्याइतक्या लवकर बदलली नव्हती. 1929 साली निवृत्त होऊन त्या लंडनला गेल्या.

त्यांच्या राजकीय मतांविषयी मौन पाळणे योग्य होणार नाही. ब्रिटिश राज्य हिंदुस्थानास हितकारक आहे असे त्या मानीत. गांधीजींच्या चळवळीस त्यांचा विरोध होता, आणि मिस मेयो यांच्या ‘मदर इंडिया’ या 1927 च्या पुस्तकाची त्यांनी पाठराखण केली. त्यामुळे देशबांधव व सुधारक भगिनी त्यांच्यापासून दुरावल्या आणि स्वातंत्र्यानंतर त्यांची आठवण पुष्कळ काळ झाकली गेली. या बाबतीत त्यांचे चुकले असे मला वाटते. परंतु ज्या विधवांना त्यांची शेते परत मिळाली त्यांनी त्यांना राजकारण विचारले नसेल.

त्यांच्या भावंडांनीही आपापल्या वाटा चोखाळल्या. भगिनी सूझी यांनी पुण्यात सेंट हेलेनाज ही मुलींची शाळा नावारूपास आणली. दुसऱ्या भगिनी ॲलिस डॉक्टर होऊन सरहद्दीवर बन्नू येथे रुग्णसेवेस गेल्या. बंधू डिक हे अलाहाबादेस बॅरिस्टर झाले. स्वतः कॉर्नेलियाबाईंनी कायद्याखेरीज लेखनही पुष्कळ केले. त्यांचे ‘इंडिया कॉलिंग’ हे आत्मचरित्र 1934 साली प्रसिद्ध झाले. इंग्रजी चांगले येणाऱ्या वरच्या वर्गांतील मुलींनी ते अवश्य वाचावे.

6 जुलै 1954 रोजी लंडनमध्ये त्यांचा अंत झाला. बॅरिस्टरांच्या ज्या लिंकन्स इन या संस्थेने त्यांस उतारवयात आत घेतले, तेथे 2012 साली त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. आपल्या शहरी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ 1981 साली सुरू झाले. तेथे आज काळा झगा घालून जाणाऱ्या स्त्री-वकिलांकडे कोणी वळूनही पाहत नाही.