हॉल्डेन आणि अर्धं ओढलेलं शटर

गेल्या पावसाळ्यात रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका छोट्या गॅरेजमधून दोन तरुण आमच्याकडे आले. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारी चार चाकांची एटीव्ही बाइक दुरुस्तीला आली होती. तिचा कार्बोरेटर ट्यून करायला इंजिन तासभर चालू, आणि झडीमुळे शटर जवळजवळ जमिनीपर्यंत ओढलेलं. दोघांचंही डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, पाय लटपटत होते. बोटावरचा ऑक्सिमीटर मात्र ९९ दाखवत होता.

अशा वेळी जॉन स्कॉट हॉल्डेन आठवतात. जन्म १८६० चा, एडिंबरोचा. १८८४ मध्ये तिथेच डॉक्टर झाले. पण दवाखाना थाटण्याऐवजी माणूस श्वासावाटे काय आत घेतो, याच्याच मागे लागले. गरिबांची घरं, शाळा, गटारं, सगळीकडची हवा त्यांनी तपासली. १८९५ मध्ये तर ते स्वतःच कार्बन मोनॉक्साइड हुंगत बसले आणि मधून मधून आपलंच रक्त तपासत राहिले. निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन त्या वायूने व्यापलं, धड चालता येईना, तेव्हा थांबले. आजची कोणतीही नैतिकता समिती याला परवानगी देणार नाही.

पुढच्याच वर्षी साउथ वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ५७ कामगार दगावले. हॉल्डेन यांनी मृतदेह तपासले. बहुतेकांचा जीव स्फोटाच्या धक्क्याने नव्हे, तर नंतर साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडने गेला होता. त्वचेवरची गुलाबी झाक आणि रक्ताचा चेरीसारखा लाल रंग ते सांगत होता. खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी न्यावा, असं त्यांनी सुचवलं. इवल्याशा जिवाला विष आधी भिनतं, तो कोसळला की माणसांनी बाहेर पडायचं. ब्रिटिश खाणींत कॅनरी १९८६ पर्यंत होती.

पुढे पाणबुड्यांना टप्प्याटप्प्याने वर आणण्याची कोष्टकं (१९०८), पहिल्या महायुद्धातले विषारी वायू, इराणच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतला उष्माघात. या शेवटच्या दौऱ्याहून परतल्यावर, १९३६ मध्ये ते गेले. त्यांचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आला आणि इथलाच झाला.

आता कार्बोरेटर. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. ट्यूनिंग करताना मिस्त्री स्क्रू मागे-पुढे फिरवतो, थंड इंजिनाला चोक देतो. मिश्रणात पेट्रोल जास्त झालं की ते अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट चिकटतो. पेट्रोलचा वास येतो, धूर डोळ्यांना झोंबतो. याला मात्र ना वास, ना रंग. आपला नेहमीचा ऑक्सिमीटरही फसतो, कारण हे रक्तही त्याला लालच दिसतं. गुलाबी त्वचा जिवंत रुग्णात क्वचितच दिसते, सावळ्या कातडीवर तर नाहीच. म्हणून कामाची जागा विचारावी लागते.

साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने भरपूर ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. त्या दोघांना तोच दिला. संध्याकाळपर्यंत डोकं उतरलं. एकाने विचारलं, शटर अर्धं उघडलं तर चालेल का? इंजिन चालू करायचं तर बाइक बाहेर ढकलायची, वर ताडपत्री बांधायची, असं सांगून दोघांना घरी सोडलं.