'एकच प्याला'मध्ये गडकरींनी फक्त दारूलाच दोषी धरलं नव्हतं

भंडारा जिल्ह्यात धान निघालं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. लाखांदूर, पवनी, साकोलीकडच्या गावांत दिवसा शंकरपट किंवा मंडई आणि रात्री मंडपात पहाटेपर्यंत नाटक. हीच झाडीपट्टी रंगभूमी. लाखांदूरला लागून असलेलं देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे नाटक कंपन्यांचं मोठं केंद्र. गोष्ट बऱ्याचदा घरातलीच असते. श्रीमंत माहेर, गरीब सासर, व्यसनात बुडालेला नवरा आणि शेवटी पश्चात्ताप.

अशीच गोष्ट शंभरेक वर्षांपूर्वी लिहून सगळ्या महाराष्ट्राला रडवणाऱ्या नाटककाराचा शेवट भंडाऱ्याच्या शेजारी, नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला झाला. नाव राम गणेश गडकरी. तारीख 23 जानेवारी 1919. वय फक्त 33.

आजच्या अनेकांना गडकरी माहीत आहेत ते जानेवारी 2017 मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातून काढून टाकलेल्या पुतळ्यामुळे. तो वाद त्यांच्या 'राजसंन्यास' या अपूर्ण नाटकावरून होता. त्या गदारोळात बाकीचा माणूस मागे राहिला.

गडकरींचा जन्म 26 मे 1885 चा, गुजरातमधल्या नवसारीचा. वडील लहानपणीच गेले आणि घरात पैशांची ओढाताण सुरू झाली. मॅट्रिक होईपर्यंत विशी आली. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले, पण गणितात अडकले आणि कॉलेज सुटलं. मग किर्लोस्कर नाटक मंडळीत लहान नटांना शिकवण्याचं काम मिळालं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना ते गुरू मानत. कविता 'गोविंदाग्रज' नावाने लिहिल्या, विनोद 'बाळकराम' नावाने. 'प्रेमसंन्यास' आणि 'पुण्यप्रभाव' या नाटकांनी नाव झालं. आणि मग आला 'एकच प्याला'.

हे नाटक दारूबंदीचं म्हणून ओळखलं जातं. पण सुधाकर बाटलीपर्यंत पोहोचतो कसा, हे पाहिलं पाहिजे. तो हुशार वकील आहे, गरिबीतून स्वतःच्या बुद्धीवर वर आलेला. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळासाठी जाते. खानदानी श्रीमंताने हे पचवलं असतं कदाचित. सुधाकरला ते झेपत नाही, कारण त्याच्याकडे प्रतिष्ठेशिवाय दुसरं काहीच नाही. त्याचा कारकून तळीराम दुःखावर औषध म्हणून पहिला प्याला पुढे करतो.

बायको सिंधू श्रीमंत घरची. माहेरचे लोक मदत करायला तयार असतात, पण सुधाकरला सासरचा पैसा अपमानासारखा टोचतो. नवऱ्याच्या हट्टापायी सिंधू माहेरच्या पैशाला हात लावत नाही आणि लोकांचं दळण दळून घर चालवते. तिचं हे पातिव्रत्य आज वाचताना घुसमट होते, हे खरंच. पण हीच गोष्ट वेगळ्या नजरेनेही पाहता येते. गरीब जावयाच्या अभिमानाची सगळी किंमत त्याची बायको मोजते.

सगळ्यात बोचरा भाग मात्र वेगळाच आहे. सुधाकर एकदा दारू सोडतो. काम मागायला प्रतिष्ठित लोकांच्या दारात जातो. कुणीच त्याला उभं करत नाही. बेवड्यावर विश्वास कोण ठेवणार? ज्यांनी हात द्यायला हवा होता, ते उपदेश आणि टोमणे देतात. तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. त्या काळी नाटकाला येणारा प्रेक्षक बराचसा अशाच सभ्य घरांतला होता. गडकरींनी त्यालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं.

पुढचं सगळं झपाट्याने घडतं. नशेत सुधाकरच्या हातून स्वतःचं मूल मरतं, सिंधू जखमी होते. मरताना ती पोलिसांना नवऱ्याला वाचवणारा जबाब देते. शुद्धीवर आलेला सुधाकर शेवटच्या प्याल्यात विष घालून तो पितो.

हे रंगमंचावर पाहणं गडकरींच्या नशिबात नव्हतं. क्षयाने खंगलेले असतानाही ते लिहीत होते. 'भावबंधन' मृत्यूच्या काही तास आधी पूर्ण झालं. 20 फेब्रुवारी 1919 ला बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची, सुधाकर गणपतराव बोडस. सिंधू झाले बालगंधर्व. भरजरी शालूंसाठी प्रसिद्ध असलेले बालगंधर्व यात ठिगळं लावलेलं लुगडं नेसून जात्यावर बसले. गडकरींना जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता.