बेचाळीस क्रमांकाचा गडी : जॅकी रॉबिन्सन

खेळाडूचे चरित्र लिहिताना त्याच्या धावांचा हिशेब मांडला जातो. त्याचा खेळ पाहावयास येणाऱ्या प्रेक्षकांचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. परंतु जगात असा एक खेळाडू होऊन गेला की, ज्याचे चरित्र त्याच्या प्रेक्षकांच्या हकीकतीवाचून पुरे होतच नाही. त्याचे नाव जॅकी रॉबिन्सन. अमेरिकेत तो बेसबॉल खेळला, आणि तो खेळत असता त्याला पाहणाऱ्यांची मने पालटत गेली. ती कशी पालटली आणि कोठवर पालटली, हे समजून घेणे आपणा सर्वांच्या हिताचे आहे. कारण खेळाडू आपल्यापैकी थोडेच होतील, प्रेक्षक मात्र आपण सारेच आहोत.

बेसबॉल हा आपल्या क्रिकेटचा दूरचा भाऊबंद. प्रत्येक संघात नऊ गडी असतात. फलंदाजाने चेंडू टोलवावा, मैदानावरील तळ क्रमाने गाठीत पुन्हा घरच्या तळावर यावे, म्हणजे एक धाव होते. त्या काळी मोठ्या लीगमधील प्रत्येक संघ एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत 154 सामने खेळत असे. म्हणजे जवळजवळ रोज एक सामना. मग नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीगांचे विजेते ऑक्टोबरात वर्ल्ड सीरिजसाठी एकमेकांशी झुंजत, आणि जो चार सामने जिंकील तो जगज्जेता ठरे. अशा खेळाचा चाहता होणे ही एखाद्या सुटीची करमणूक नव्हे. ते सहा महिन्यांचे व्रतच होय.

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागातील लोकांनी हे व्रत मनोभावे पाळले होते. त्यांच्या संघाचे नाव डॉजर्स आणि मैदानाचे नाव एबेट्स फील्ड. 1913 साली उघडलेले हे मैदान लहान होते. प्रेक्षक खेळाडूंच्या इतके जवळ बसत की, त्यांची हाक खेळाडूंस ऐकू जाई. हिल्डा चेस्टर नावाची एक बाई गाईच्या गळ्यातील मोठी घंटा घेऊन येई आणि ती वाजवून सारे मैदान दणाणून सोडी. ज्यांना तिकीट परवडत नसे ते घराच्या पायऱ्यांवर, न्हाव्याच्या दुकानात किंवा कोपऱ्यावरील पेढीपाशी मित्रमंडळी जमवून रेडिओ ऐकत. आयरिश, इटालियन, ज्यू अशा नाना कुळांची माणसे तेथे शेजारी राहत. त्यांचे देव वेगळे, जेवण वेगळे, परंतु संघ एक. तो संघ जगज्जेता मात्र कधी झाला नव्हता. दर शरदात निराश व्हावे आणि पुढील वर्षावर भरवसा ठेवून उठावे, हा तेथील परिपाठच होऊन बसला होता.

या प्रेमळ चित्रात एक मोठे वैगुण्य होते. मोठ्या लीगच्या कोणत्याही संघात कृष्णवर्णीय खेळाडूला स्थान नव्हते. असा लेखी नियम कोठेही नव्हता. परंतु सुमारे साठ वर्षे सर्व मालकांनी तो मुकाट्याने पाळला होता. कृष्णवर्णीयांच्या लीगा निराळ्या, त्यांची मिळकत तुटपुंजी, आणि प्रवासात त्यांना हॉटेलात जागा मिळण्याचीही भ्रांत.

जॅकीचा जन्म 31 जानेवारी 1919 रोजी जॉर्जिया राज्यातील कैरो गावाजवळ झाला. पाच भावंडांत तो सर्वांत धाकटा. तो तान्हा असतानाच बाप घर सोडून गेला. आई मॅली ही मोठ्या हिमतीची बाई. 1920 साली तिने पाचही मुले बरोबर घेऊन थेट कॅलिफोर्नियातील पॅसाडीना शहर गाठले आणि लोकांच्या घरची धुणी-भांडी करून मुले वाढविली. थोरला भाऊ मॅक 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये 200 मीटर शर्यतीत जेसी ओवेन्सच्या पाठोपाठ दुसरा आला होता. जॅकीने लॉस एंजलिस येथील विद्यापीठात असताना बेसबॉल, बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल आणि मैदानी खेळ अशा चार प्रकारांत संघाचे मानचिन्ह मिळविले. त्या विद्यापीठात असा पराक्रम त्यापूर्वी कोणी केला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात अधिकारी झाला. जुलै 1944 मध्ये टेक्सासमधील छावणीत बसच्या चालकाने त्यास मागील बाकावर जाण्यास सांगितले. जॅकीने साफ नकार दिला. त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला भरला गेला. परंतु तो निर्दोष सुटला. अन्याय निमूटपणे सोसणे हा त्याचा स्वभाव नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवावी; कारण पुढे त्याला जे करावे लागले ते त्याच्या स्वभावाच्या अगदी उलट होते.

डॉजर्सचा कारभारी ब्रँच रिकी याने 28 ऑगस्ट 1945 रोजी जॅकीला ब्रुकलिनमध्ये बोलावून घेतले. मोठ्या लीगचे दार कृष्णवर्णीयांसाठी उघडण्याचा त्याचा बेत होता. परंतु त्याची एक अट होती. कोणी शिव्या दिल्या, कोणी अंगावर चेंडू फेकला, तरी जॅकीने हात उगारू नये. तो एकदा जरी भांडला असता तरी विरोधकांस निमित्त मिळाले असते आणि ते दार पुन्हा कित्येक वर्षे बंद झाले असते. जॅकीने अट मान्य केली. संतापी माणसाने समजून उमजून पत्करलेले ते मौन होते.

1946 चा मोसम त्याने कॅनडातील माँट्रियल संघात काढला, आणि तेथे त्याला चाहत्यांची दोन्ही रूपे दिसली. अखेरच्या मालिकेतील पहिले सामने अमेरिकेच्या दक्षिण भागातील लुईव्हिल येथे झाले, तेव्हा तेथील प्रेक्षकांनी त्याची एकसारखी हुर्यो उडविली. संघ माँट्रियलला परतताच तेथील प्रेक्षकांनी लुईव्हिलच्या खेळाडूंची तितक्याच जोराने हुर्यो उडवून जणू त्याची परतफेड केली. मालिका जिंकल्यावर तर गर्दीने जॅकीला खांद्यावर घेतले आणि तो निघाला तेव्हा लोक रस्त्याने त्याच्यामागे धावले. तेही रागाने नव्हे, प्रेमाने.

15 एप्रिल 1947 रोजी पाठीवर 42 हा क्रमांक घेऊन जॅकी रॉबिन्सन एबेट्स फील्डवर उतरला. सुमारे सव्वीस हजार प्रेक्षक हजर होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय असावेत असा अंदाज केला जातो. त्याच्या आगमनाचे सर्वांनीच स्वागत केले असे मात्र नाही. मोसमापूर्वी त्याच्याच काही सहकाऱ्यांनी त्याच्याविरुद्ध अर्ज तयार केला होता. केंटकी राज्यात वाढलेल्या पी वी रीझ याने त्यावर सही करण्याचे नाकारले. एक आठवड्यानंतर फिलाडेल्फियाचा संघ ब्रुकलिनला आला, तेव्हा त्याच्या व्यवस्थापकासह खेळाडूंनी जॅकीवर अशा घाणेरड्या शब्दांचा भडिमार केला की ऐकणाऱ्यास लाज वाटावी. जॅकी गप्प राहिला. अखेर एडी स्टँकी हा गोरा सहकारी त्याच्या बाजूने त्या टोळीवर ओरडून उठला. टपालाने जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या. पुढे फिलाडेल्फियात एका हॉटेलाने त्याच्यापायी साऱ्या संघालाच जागा नाकारली.

या सर्व काळात ब्रुकलिनचे चाहते काय करीत होते? ते रोज सामना ऐकत होते. रेडिओवर वर्णन करणारा रेड बार्बर हा दक्षिणेत जन्मलेला आणि तेथील जुन्या समजुतींत वाढलेला गृहस्थ. रिकीचा बेत कानी आला तेव्हा नोकरी सोडावी असे प्रथम त्याच्या मनात आले होते. परंतु विचारांती त्याने ठरविले की, आपले काम चेंडूचे वर्णन करण्याचे आहे. ते इतर खेळाडूंचे करतो तसेच याचेही करावे. आणि त्याने तसेच केले. त्यामुळे पायऱ्यांवर बसलेल्या मंडळींस कोणी उपदेश केला नाही. त्यांना एवढेच कळत गेले की, आज आपल्या गड्याने दुसरा तळ चोरला, आज त्याच्या धावेने सामना वाचला.

चेंडू टोलविला गेलेला नसताना, फेकणाऱ्याची नजर चुकवून पुढच्या तळावर झेप घेण्यास तळ चोरणे म्हणतात. या कलेत जॅकी अद्वितीय होता. तो तळापासून चार पावले पुढे येऊन नाचू लागला की, फेकणाऱ्याचे चित्त विचलित होई आणि प्रेक्षक जागेवरून उठत. त्या मोसमात त्याने 29 तळ चोरले. लीगमध्ये तो आकडा सर्वांत मोठा होता. नवोदित खेळाडूचा मान त्यालाच मिळाला आणि डॉजर्सने लीग जिंकली. त्या वर्षी एबेट्स फील्डवर 18 लाखांहून अधिक प्रेक्षक आले. 23 सप्टेंबर 1947 रोजी चाहत्यांनी त्याच्या गौरवाचा खास दिवस साजरा केला आणि त्यास भेटी दिल्या.

हा बदल एका भाषणाने किंवा एका सामन्याने झाला असता असे वाटत नाही. ज्याला जॅकीचा वर्ण खपत नव्हता, त्यालाही डॉजर्सचा विजय हवाच होता. आणि तो विजय जॅकीच्या पायांवर अवलंबून होता. दीडशेहून अधिक दिवस ज्याच्या यशासाठी आपण मित्रांसह श्वास रोखून बसतो, त्याचा तिरस्कार करणे कठीण होते. दीर्घ मोसमाचे सामर्थ्य ते हेच.

पुढील वर्षांत रिकीची अट शिथिल झाली आणि जॅकी आपल्या स्वभावानुसार बोलू व भांडू लागला. 1949 मध्ये .342 या सरासरीने तो लीगचा अव्वल फलंदाज आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला. 1951 साली मोसमाच्या अखेरच्या दिवशी फिलाडेल्फियात चौदाव्या डावात होमरन मारून त्याने संघाची आशा जिवंत ठेवली. परंतु तीनच दिवसांनी, 3 ऑक्टोबरला, जायंट्स संघाच्या बॉबी थॉमसनने अखेरच्या क्षणी होमरन मारून सारे ब्रुकलिन सुन्न केले. सहकारी माना घालून परतत होते; जॅकी मात्र थॉमसनचा पाय प्रत्येक तळाला लागतो की नाही हे निरखीत मैदानावर उभा राहिला.

1941, 1947, 1949, 1952 आणि 1953 अशा पाच वेळा यांकीज संघाने वर्ल्ड सीरिजमध्ये डॉजर्सना हरविले होते. 1955 साली तोच प्रतिस्पर्धी पुन्हा समोर आला. पहिल्या सामन्यात छत्तीस वर्षांच्या जॅकीने साक्षात घरचा तळ चोरला. 4 ऑक्टोबर रोजी सातवा सामना डॉजर्सने 2-0 असा जिंकला. त्या दिवशी जॅकी खेळला नव्हता, तथापि विजय त्याचाही होता. ब्रुकलिनच्या रस्त्यांत भोंगे वाजले, अनोळखी माणसांनी एकमेकांस मिठ्या मारल्या. तो आनंद फार काळ टिकला नाही. जॅकीने खेळातून निवृत्ती घेतली आणि 1957 च्या मोसमानंतर मालकाने संघच लॉस एंजलिसला नेला. 1960 साली एबेट्स फील्ड पाडण्यात आले.

आता या कथेची दुसरी बाजू. जॅकी प्रसिद्धीच्या शिखरावर असताना पत्नी रेचेलसह कनेटिकट राज्यात घर पाहू लागला, तेव्हा विक्रीस असलेली घरे एकाएकी मिळेनाशी झाली. काही सज्जनांच्या साहाय्याने अखेर स्टॅमफर्ड येथे त्यांचे घर झाले. ज्याच्यासाठी लोक मैदानावर टाळ्या वाजवीत, तोच शेजारी म्हणून अनेकांना नकोसा होता. म्हणूनच जॅकीने टाळ्यांवर समाधान मानले नाही. नागरी हक्कांच्या चळवळीत तो हिरिरीने वावरला. कृष्णवर्णीयांस कर्ज मिळावे म्हणून 1964 साली हार्लेममध्ये उघडलेल्या बँकेच्या स्थापनेत त्याचा पुढाकार होता. 15 ऑक्टोबर 1972 रोजी वर्ल्ड सीरिजच्या सामन्यात त्याचा सत्कार झाला. मधुमेहाने त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. तरीही आभार मानता मानता त्याने सांगितले की, एखाद्या संघाचा व्यवस्थापक कृष्णवर्णीय झालेला पाहावयास मिळाला तर आपणास अधिक आनंद होईल. नऊच दिवसांनी, 24 ऑक्टोबरला, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्याचे निधन झाले. तसा व्यवस्थापक 1975 साली क्लीव्हलंडला झाला. 1997 मध्ये सर्व संघांनी मिळून 42 हा क्रमांक कायमचा राखून ठेवला; आणि 2009 पासून दर 15 एप्रिलला सर्वच खेळाडू तो पाठीवर घालून खेळतात.

ही परदेशची कथा वाचून आपण केवळ हळहळावे असे नाही. धारवाडात जन्मलेले बाळू पालवणकर हे आपल्याकडील थोर गोलंदाज. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. परंतु त्यापूर्वी पुण्यात खेळताना, त्यांच्या चेंडूवर विजय मिळविणारे सहकारी चहाच्या वेळी आत बसत, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या बाळूंना बाहेर मातीच्या पात्रात चहा मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांस कधीच लाभले नाही. ते 1923 साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

ब्रुकलिन असो वा पुणे, मैदानावर टाळी वाजविणे सोपे असते. सामना संपतो, गर्दी फाटकातून बाहेर पडते आणि प्रत्येक जण आपापल्या घरची वाट धरतो. ज्याच्यासाठी आपण आत घसा कोरडा केला त्याला त्या वाटेवर सोबत घेतो की नाही, आणि घरी पोहोचल्यावर त्याला आत बोलावतो की नाही, हे आपण प्रत्येकाने स्वतःस विचारून पाहावे.