पूर ओसरल्यानंतरचा बाप्पा

२६ जुलै २००५ चा तो मंगळवार ठाणे जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. सांताक्रूझच्या ९४४ मिलिमीटर पावसाचा आकडा सर्वांच्या तोंडी झाला. पण त्याच दिवशी उल्हास आणि काळू या नद्यांनी कल्याण, बदलापूर, टिटवाळा परिसरात जे केले ते मुंबईच्या बातम्यांखाली झाकले गेले. पुढच्या रविवारी आम्ही डोंबिवलीतले सहाजण टेम्पो घेऊन टिटवाळ्याच्या पलीकडे काळूकाठच्या एका पाड्यावर गेलो. टेम्पोत बिस्किटांचे पुडे, मेणबत्त्या, चादरी आणि घरोघरी मागितलेल्या जुन्या साड्या होत्या.

पाड्यात शिरताना सिमेंटचा एक अरुंद रस्ता लागला. चिखलातून तेवढाच वर डोके काढून होता. कडेला फलक होता, त्यावर ठक्करबाप्पा योजनेचे नाव. टेम्पोमागे धावत आलेल्या एका मुलाला मी सहज विचारले, हा ठक्करबाप्पा कोण रे? तो म्हणाला, गणपती असेल. टिटवाळ्याचा गणपती हाकेच्या अंतरावर, तेव्हा त्याचे काही चुकले नव्हते. खरी गोष्ट अशी की मलाही नीटसे ठाऊक नव्हते.

साड्या वाटून झाल्यावर एक मावशी पुढे आल्या. साडी त्यांनी घेतली, पण नजर टेम्पोत काही शोधत होती. भाताचे बियाणे आणले आहे का, एवढेच त्यांनी विचारले. त्यांचा नवरा खंडाने एकरभर जमीन कसत होता. लावणी नुकतीच उरकली होती; सगळी रोपे गाळाखाली कुजली, बांध वाहून गेले. राब पुन्हा भाजून नवे रोप करायला वेळ नव्हता. पण हळव्या भाताचे मोड आणलेले बी चिखलातच फेकून पेरायचे, ज्याला आपल्याकडे रहू पद्धत म्हणतात, तेवढे आठवड्याभरात झाले तर पोटापुरते भात हाती लागेल असा त्यांचा हिशेब होता. बघतो, असे सांगून आम्ही परतलो. टेम्पो रिकामा झाला होता आणि मन समाधानाने भरले होते.

फलकावरचे ते नाव मात्र डोक्यातून गेले नाही. मग वाचनालयातून मिळाले तसे वाचत गेलो.

अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८६९ रोजी भावनगरचा. घर गुजराती, पण घडण बरीचशी आपल्या मुलखातली. पुण्यात शिकून ते इंजिनिअर झाले. काठेवाडातल्या संस्थानांत नोकऱ्या केल्या, तीन वर्षे पूर्व आफ्रिकेत युगांडा रेल्वेच्या बांधकामावर काढली, परतल्यावर काही काळ सांगली संस्थानचे इंजिनिअर होते. तेथे धोंडो केशव कर्वे यांच्यामुळे गोपाळ कृष्ण गोखल्यांशी परिचय झाला. मग मुंबई महापालिकेत आले. शहराचा कचरा बाहेर वाहून नेणारी छोटी रेल्वे त्यांच्या देखरेखीखाली होती आणि त्यांचा मुक्काम कुर्ल्याला. त्या काळी कुर्ला साष्टी तालुक्यात, म्हणजे ठाणे जिल्ह्यातच मोडत असे!

तिथे त्यांनी सफाई कामगारांच्या वस्त्या पाहिल्या. घाण तर होतीच, पण इंजिनिअरच्या डोळ्यांना त्याखालचा पाया दिसला: कर्ज. पगार हाती पडण्याआधीच सावकाराचा झालेला असे. ठक्करांनी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या साह्याने मुलांसाठी शाळा काढली आणि मोठ्यांना कर्जातून सोडवण्यासाठी सहकारी पतपेढी उभी केली. पुढच्या आयुष्याची किल्ली त्यांना इथेच सापडली असावी.

१९१४ च्या फेब्रुवारीत, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, चांगल्या पगाराची नोकरी सोडून ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. त्या वयात माणूस पेन्शनचा हिशेब मांडू लागतो. यांनी तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढले आणि जिथे आपत्ती तिथे जाण्याचा नेम धरला. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात पीक बुडाले तेव्हा त्याची चौकशी करणाऱ्यांत ते होते. १९२० च्या सुमारास ओरिसातील पुरी जिल्हा पूर आणि दुष्काळाने मोडला, तिथे ते गेले. १९२७ च्या जुलैत गुजरात पाण्याखाली गेला, तेव्हा वल्लभभाई पटेलांनी उभ्या केलेल्या मदतकार्यातही ते होते. रोजची डायरी आणि पैशापैशाचा हिशेब त्यांनी कधी चुकवला नाही.

पण मला सर्वांत मोठी वाटते ती दाहोदची गोष्ट. पंचमहालात भिल्लांच्या मुलखात दुष्काळ पडला म्हणून ते मदतीला गेले. मदतीचे काम संपले की मंडळी गाशा गुंडाळून घरी जातात. दुष्काळ सरल्यावरही भिल्ल सावकाराच्या दाराशीच उभा राहणार, हे ठक्करांना दिसले आणि ते तिथेच राहिले. १९२२ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी भिल्ल सेवा मंडळ काढले. अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर तेही सभासद होते. तिचा अहवाल १९३० चा. १९३२ पासून हरिजन सेवक संघाचे सरचिटणीसपद, मग घटना समिती. सत्तरी ओलांडलेले बाप्पा १९४६ मध्ये नोआखालीतही पोहोचले. २० जानेवारी १९५१ रोजी भावनगरलाच त्यांचे निधन झाले.

हे सारे वाचून होईतो मार्गशीर्ष उजाडला. आम्ही पुन्हा त्या पाड्यावर गेलो. या खेपेस वालाचे आणि हरभऱ्याचे बियाणे नेले होते, तेही उशिराच. मावशींच्या झोपडीला ताटी लावलेली होती. शेजाऱ्यांनी सांगितले, भात काही पेरता आले नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवाल्याकडून उचल घेऊन सगळे कुटुंब भट्टीवर गेले. जमीन मालकाने दुसऱ्याला खंडाने दिली. सातबारा नावावर नसल्याने नुकसानीची भरपाईही त्यांच्या वाट्याला आली नव्हती.

एका गोणीभर बियाण्याचा प्रश्न होता. बिस्किटांवर आम्ही त्याहून अधिक खर्च केला होता. बिस्किटे वाईट नव्हती. पहिल्या दोन दिवसांत ती हवीतच. पण पूर एका रात्रीत घर बुडवतो आणि पुढच्या हंगामापर्यंत शेतकऱ्याचा मजूर करून टाकतो, हे आम्हाला कळले नव्हते. पूर ओसरणे आणि उचल घेणे यांच्या मधले जे थोडे आठवडे असतात, त्यांतच शेती वाचते किंवा जाते. बियाणे, बांधाची दुरुस्ती, बैलाचे भाडे आणि सावकाराकडे न जाता मिळणारे चार पैसे, एवढ्यावर ती वाचते. बाप्पांना हे कुर्ल्याच्या वस्तीतच कळले होते.

२०१९ च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, २०२१ मध्ये पुन्हा पूर आले. आता आमच्या यादीत पहिली ओळ हळव्या भाताच्या बियाण्याची असते, आणि दुसऱ्या फेरीची तारीख पहिल्या फेरीतच ठरते. फार मोठे काम नाही. ज्यांच्याकडून हे शिकलो, त्या मावशी मात्र पुन्हा भेटल्या नाहीत.

फलकाजवळचा तो मुलगा आता बापही झाला असेल. बाप्पा गणपती नव्हता, माणूस होता, आणि पाणी ओसरल्यावरही थांबत असे, हे त्याला तेव्हा सांगायला हवे होते.