एका भागाकारासाठी नोकरी सोडणारा मास्तर : गोष्ट जॉर्ज ओहमची

घरातल्या इस्त्रीवर एक छोटं लेबल असतं. २३० व्होल्ट, १००० वॅट असं काहीतरी त्यावर छापलेलं असतं. आत काय चाललंय हे काढायला एवढी माहिती पुरते. वॅटला व्होल्टने भागा, करंट मिळतो : साधारण ४.३५ अँपिअर. आता व्होल्टला या करंटने भागा, उत्तर येतं जवळपास ५३ ओहम. हा झाला इस्त्रीच्या कॉइलचा रोध.

असंच गणित ६० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचं केलं तर रोध येतो ८८० ओहमच्या आसपास. कपडे जाळू शकणाऱ्या इस्त्रीचा रोध कमी आणि बिचाऱ्या बल्बचा जास्त! हे उलटं वाटतं, पण व्होल्टेज सारखंच असेल तर रोध जितका कमी तितका करंट जास्त, आणि करंट जास्त म्हणजे पॉवरही जास्त.

यातला दुसरा भागाकार आपण शाळेत ‘ओहमचा नियम’ म्हणून पाठ केला. तो ज्याने शोधला, त्याला मात्र तो चांगलाच महागात पडला.

जॉर्ज सायमन ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ चा, जर्मनीतल्या एर्लांगेन गावातला. वडील कुलूप बनवणारे कारागीर, आई शिंप्याची मुलगी. सात भावंडांपैकी तीनच जगली आणि जॉर्ज दहा वर्षांचा असताना आईही गेली. वडिलांकडे डिग्री नव्हती, पण त्यांनी स्वतःच अभ्यास करून गणित-विज्ञान शिकून घेतलं होतं आणि तेच ते पोरांना घरी शिकवायचे. धाकटा भाऊ मार्टिनही पुढे गणितज्ञ झाला.

१८०५ मध्ये जॉर्ज गावातल्याच युनिव्हर्सिटीत गेला आणि तिथे नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरचं स्केटिंग यातच रमला. आपल्याला मिळाली नाही ती संधी पोरगं वाया घालवतंय म्हटल्यावर वडील भडकले. तीन सेमिस्टरनंतर कॉलेज सुटलं आणि जॉर्जची रवानगी झाली स्वित्झर्लंडला, एका शाळेत गणित शिकवायला. १८११ मध्ये परत येऊन त्याने डॉक्टरेट मिळवली, पण युनिव्हर्सिटीत पगार इतका तुटपुंजा होता की पुन्हा शाळामास्तरकीच नशिबी आली.

१८१७ मध्ये त्याला कोलोनच्या शाळेत नोकरी लागली आणि इथून खरी गोष्ट सुरू होते. या शाळेत चांगली प्रयोगशाळा होती. (पुढे मोठा गणितज्ञ झालेला डिरिश्ले याच शाळेत ओहमचा विद्यार्थी होता.) १८२० मध्ये ओर्स्टेडने दाखवून दिलं की तारेतून वीज वाहिली की शेजारची चुंबकसुई हलते. म्हणजे करंट मोजायची सोय झाली.

अडचण होती ती बॅटरीची. तेव्हाच्या बॅटऱ्या सतत उतरायच्या, प्रवाह क्षणाक्षणाला बदलायचा. १८२५ मध्ये ओहमने छापलेलं पहिलं सूत्र तर चुकलंच. मग पोगेनडॉर्फ या संपादकाने त्याला बॅटरी सोडून थर्मोकपल वापरायला सुचवलं. दोन वेगळ्या धातूंचे जोड, त्यातला एक गरम आणि एक थंड ठेवला की वीज तयार होते. ओहमने बिस्मथ आणि तांबं घेतलं, एक जोड उकळत्या पाण्यात ठेवला आणि दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर दोन्हीकडचं तापमान हलत नाही, त्यामुळे व्होल्टेजही हलत नाही. मला विचाराल तर या माणसाची खरी हुशारी इथे आहे. सूत्र नंतर आलं, आधी त्याने स्थिर वीज मिळवली.

सारख्याच जाडीच्या, पण वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा त्याने एकेक करून जोडल्या आणि दर वेळी सुई किती वळते ते मोजलं. तार लांब तसा करंट कमी, आणि तोही ठरलेल्या हिशोबात. १८२६ मध्ये हे छापून आलं.

आता त्याला युनिव्हर्सिटीतली प्रोफेसरकी हवी होती. त्याने अर्ध्या पगारावर रजा घेतली, बर्लिनला भावाकडे गेला आणि १८२७ मध्ये सगळा सिद्धांत पुस्तकात मांडला. पुस्तक गणिताने भरलेलं होतं आणि तिथेच माशी शिंकली. तेव्हाच्या जर्मनीत अनेक पंडितांना निसर्ग समजून घ्यायला इतकं गणित लागतं हेच मान्य नव्हतं. पुस्तकावर थंड प्रतिसाद आला, काहींनी झोडपलं. प्रोफेसरकी मिळाली नाही. दुखावलेल्या ओहमने १८२८ मध्ये कोलोनची नोकरीही सोडली. वय ३९, हातात काय, तर बर्लिनच्या लष्करी शाळेत थोडेसे तास. बरी नोकरी मिळायला १८३३ उजाडलं, न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये.

दाद आली ती इंग्लंडहून. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला मानाचं कोप्ली मेडल दिलं. त्याच सुमारास जूलने दाखवलं की तारेत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गावर आणि रोधावर ठरते. ओहमच्या नियमापासून इस्त्रीच्या वॅटपर्यंतचा पूल बांधला तो जूलने.

म्युनिकच्या युनिव्हर्सिटीत फिजिक्सची प्रोफेसरकी ओहमला मिळाली १८५२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी. ६ जुलै १८५४ ला तो गेला. आयुष्यभर ज्या खुर्चीची वाट पाहिली, तिच्यावर जेमतेम दोन वर्षं बसला.

१८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वीज परिषदेत रोधाच्या एककाला ओहम हे नाव पक्कं झालं, व्होल्ट आणि अँपिअरच्या बरोबरीने. रोधाच्या उलट्या राशीसाठी तर ओहमचं इंग्रजी स्पेलिंग उलटं लिहून ‘म्हो’ हे एकक चालायचं. आता त्याला सीमेन्स म्हणतात, पण इलेक्ट्रिकलच्या जुन्या पुस्तकांत म्हो अजूनही भेटतो.