कैसर-ए-हिंद पदकाच्या मानकरी

१९१९ साली ब्रिटिश सरकारने पुणे जिल्ह्यातील केडगावच्या एका वृद्ध बाईंना सोन्याचे पदक दिले. त्या पदकाचे नाव ‘कैसर-ए-हिंद’. कैसर म्हणजे सम्राट. हे शब्द तुम्हांला उर्दूतून ओळखीचे आहेतच. राणी व्हिक्टोरियाने १९०० साली ते सुरू केले. लढाईतील शौर्यासाठी ते नव्हते. हिंदुस्थानात लोकसेवा करणाऱ्या स्त्री-पुरुषांना ते मिळे. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली आजच्या कर्नाटकातील एका अरण्यात झाला. स्त्रियांनी शिकणे पाप समजले जाई, तरी वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी घरातील स्त्रियांना संस्कृत शिकवले. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरे. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे सर्व संपले. झाडपाला खाऊन दिवस काढावे लागले. वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. तेव्हा रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या. भावाबरोबर त्या उत्तरेकडे पायी निघाल्या. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीने जीव जाईल अशी वेळ आली. अंगावर पांघरूण नव्हते. तेव्हा दोघांनी वाळूत कबरीसारखे खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत अंग वाळूने झाकून रात्र काढली.

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्यांनी बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. दोन वर्षांत पतीचे निधन झाले. पदरी लहानगी मनोरमा होती.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परत आल्यावर १८८९ साली मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेले. तेथे मुलींना ख्रिस्ती केले जाते असा आरोप झाला. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, मोठमोठे समर्थक दूर गेले. या वादात कोणाचे किती खरे, यावर आजही एकमत नाही.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. नागपूर हीच त्या प्रांताची राजधानी होती. उपासमारीच्या बातम्या ऐकून रमाबाईंना स्वतःचे दिवस आठवले. त्या तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे इतक्या जणींना ठेवणे शक्य नव्हते. केडगावला त्यांनी शेतजमीन घेतलेली होती. तेथेच झोपड्या उभ्या राहिल्या आणि त्यांतून ‘मुक्ती’ सदन झाले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या जणींना रोज जेवू घालणे काही सोपे नव्हे! मुली शेती, विणकाम, छपाई शिकत. अंध मुलींनाही शिकवले जाई.

पदक मिळाले तेव्हा रमाबाई साठीच्या पुढे होत्या आणि बायबलच्या मराठी भाषांतरात गढलेल्या होत्या. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या होत्या. १९२० साली गांधीजींनी सरकारच्या निषेधार्थ आपले हेच पदक परत केले. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचेही निधन झाले. केडगावचे ‘मुक्ती’ सदन आजही चालू आहे.