बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं

आजचं वाचन इब्री 11. विश्वासवीरांची ती यादी वाचताना मला दर वेळी पंडिता रमाबाई आठवतात.

आईवडील दुष्काळात अन्नावाचून गेले. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पतीही वारले, पदरात तान्ही मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडला वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. संस्कृत शास्त्रं कोळून प्यायलेली बाई. ख्रिस्ती शिकवण त्यांना बुद्धीनं पटली होती. इथे गोष्ट संपली असं वाटतं ना? पण आपल्या साक्षीत त्या सांगतात की तेव्हा धर्म मिळाला, ख्रिस्त नाही. त्याला आणखी आठेक वर्षं लागली. मधल्या काळात अमेरिकेत व्याख्यानं झाली, 1889 ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं, आणि तरीही आत शांती नव्हती! दर रविवारी चर्चला जाणाऱ्या आपण इथे जरा थांबावं.

मग उमगलं ते साधंच होतं. आधी लायक व्हायचं, मग देव जवळ घेईल, हा हिशोब सोडायचा. आहे तसं स्वतःला येशूच्या हाती द्यायचं.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. भूक म्हणजे काय ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. केडगावला मुक्ती सदन वाढत गेलं. पुढचा पैसा कुठून येणार ते ठाऊक नसतानाही दार उघडं राहिलं.

1921 मध्ये मनोरमा गेली. रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करतच राहिल्या. 5 एप्रिल 1922 ला त्यांनीही डोळे मिटले.